‘सोड’ म्हटल्याशिवाय

“बंद म्हटलं की काय करायचं?” नानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“खटका खाली ओढायचा.”

“त्याच्या आधी?”

“‘बंद’ असं मोठ्यांदा ओरडायचं. तुम्हाला ऐकू गेलं पाहिजे.”

“आन् सोड म्हटलं की?”

“‘सोडते’ म्हणून ओरडायचं, मग खटका वर.”

“आन् मी सोड म्हणालोच न्हाय तर?”

“तर सकाळपर्यंत इथंच अंधारात उभी राहीन,” मी म्हणाले. “चहा तुम्हीच करून आणा मग.”

नाना हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते गालातल्या गालात हसायचे. विजेच्या कामात मात्र त्यांना थट्टा चालत नसे. नाना म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं लाईनमन होते, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, पण हातात पक्कड आली की आवाज पुन्हा खांबावरून बोलल्यासारखा व्हायचा.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि नाना. घर जुन्नरकडच्या एका गावाबाहेर, मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. त्या जानेवारीत ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि तोडणीवाले अजून फिरकले नव्हते. आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. तो वाघ एका रात्री आमच्या ओट्यावरून काळूला घेऊन गेला. सकाळी साखळी होती, पट्टा होता, कुत्रा नव्हता. आम्ही दोघं आत झोपलेलो, आणि आम्हाला चाहूलसुद्धा लागली नव्हती.

त्या दिवसापासून मी भित्री झाले. खरं सांगायचं तर आधीही होतेच, पण आता लपवता येईना. दिवस कलला की मी न्हाणीघरातसुद्धा नानांना बाहेर उभं करून जायची. जंगलखात्याचा माणूस येऊन सांगून गेला होता, उसाच्या कडेला संध्याकाळी खाली बसू नका, वाकू नका. बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. गाठ पडलीच तर ताठ उभे राहा, हात वर करा, पाठ दाखवून पळू नका. मी हे सगळं अंगणवाडीतल्या मुलांकडून पाठ करून घेतलं. मी तिथं सेविका होते.

दिव्यांची कल्पना माझीच. नारायणगावला एका लग्नात मी मंगल कार्यालयाच्या बागेत झाडांच्या बुडाशी लावलेले दिवे पाहिले होते. खालून वर उजेड, पानं अशी सोन्यासारखी. अंगणवाडीतल्या तक्त्याच्या कागदावर मी आमच्या अंगणाचं चित्र काढलं आणि आंब्याला दोन, चाफ्याला एक, पायवाटेला चार असे दिवे दाखवले.

नानांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. “लगीन हाय का कुणाचं?”

“शोभा पण होईल आणि उजेड पण.”

“उजेड असा डोळ्यात मारला तर मागचं काय दिसंल तुला? दिवा दिसता कामा नये, भुई दिसली पायजे.” त्यांनी माझं पेन घेऊन चाफ्याचा दिवा खोडला आणि पार कागदाच्या टोकाला, उसाच्या बांधाजवळ एक ठिपका काढला. “ह्यो सगळ्यात गरजेचा. येणार तो हितनंच येणार.”

आंब्याचा एक दिवा मात्र त्यांनी ठेवला. माझ्यासाठी ठेवला हे मला कळलं, पण तसं ते कधी बोलले नसते.

पुढचे सहा दिवस आम्ही खणत होतो. नानांनी जमिनीवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली आणि त्या रेघेवर दीड हात खोल चर घेतला. त्यात पाईप, पाईपातून वायर, वर विटा, विटांवर माती. “उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागली पायजे,” ते म्हणायचे. प्रत्येक दिव्यापाशी जोडाची एक डबी. बटण ओट्यावरच्या भिंतीत, मेनच्या शेजारी. काम दिवसाउजेडी संपलं, पण दिव्यांची तोंडं काही उजेडात लावता येत नाहीत. कुणाचा झोत कुठं पडतो, डोळ्यात जातो की जमिनीवर, हे अंधारल्याशिवाय कळत नाही. म्हणून सातव्या दिवशी तिन्हीसांजेला नाना दिव्यांपाशी आणि मी ओट्यावर बोर्डापाशी, अशी वाटणी झाली.

एरवी नाना फ्यूज काढून खिशात घातल्याशिवाय वायरीला हात लावत नसत. फ्यूज खिशात असला की कुणी कितीही खटके वर-खाली केले तरी काही होत नाही. पण त्या दिवशी दिवे सारखे लावायचे-घालवायचे होते.

“आज तूच माझा फ्यूज,” ते म्हणाले, बॅटरी बगलेत धरली आणि निघाले.

पहिले चार दिवे झटपट झाले. नाना उकिडवे बसून दिव्याची मान फिरवायचे, मी इथून ओरडायची. “डोळ्यात येतोय! अजून खाली! हां, बास!” मध्येच बंद, मध्येच सोड. मी इमानाने मोठ्यांदा ओरडून खटका ओढत होते. आंब्याचा दिवा लागला तेव्हा मात्र मी काहीच बोलले नाही. झाड खालपासून शेंड्यापर्यंत उजळलं होतं आणि मोहोर दिसत होता.

“झोपली का काय?” नाना ओरडले.

“छान दिसतंय हो नाना!”

“छान न्हाय विचारलं. डोळ्यात येतंय का?”

मग ते शेवटच्या दिव्याकडे गेले. ओट्यापासून पन्नास पावलं असतील. तोवर पश्चिमेचा उजेड पार गेला होता. नाना ऊस पाठीशी घेऊन बसले आणि दिव्याचं तोंड उसाकडे वळवलं. झोत त्यांच्या खांद्यावरून मागच्या सऱ्यांवर गेला. दिवा फुरफुरत होता, लागायचा, विझायचा, परत लागायचा.

“जोड सैल हाय!” ते ओरडले. “डबी उघडतो. मी म्हणालो की मग बंद कर!”

“बरं!”

ते खाली वाकले. आणि त्यांच्या मागे, बांधावर, मला एक दगड दिसला. दिवा विझला, लागला. आमच्या बांधावर तिथं दगड नव्हता, सहा दिवस मी तिथंच माती उपसत होते. दिवा पुन्हा विझला आणि लागला, तेव्हा त्या दगडाला डोळे होते.

तो पोटावर बसला होता. डोकं खाली, खांदे वर. नानांपासून एक बैलगाडी मावेल एवढं अंतर. नाना वाकलेले, लहानसे, त्याला पाठमोरे.

आता जे मी केलं ते सांगायला मला अजून जड जातं. लाईनमनच्या घरात नांदायला आल्या दिवसापासून नानांनी एक गोष्ट माझ्या अंगात मुरवली होती. काही वेगळं दिसलं, ठिणगी, धूर, कुणाची किंकाळी, काहीही, तर पळायचं नाही, बघायला जायचं नाही, आधी मेन बंद. एकदा दूध उतू गेलं तेव्हाही माझा हात आधी मेनकडेच गेला होता आणि नानांनी ते आठवडाभर गावात सांगितलं होतं. त्या संध्याकाळी माझ्या डोक्याला काही कळायच्या आत माझ्या हाताने मेन खाली ओढला.

सहाही दिवे गेले. घर गेलं, आंबा गेला, नाना गेले, तो गेला. आणि मी स्वतःच नानांना त्याच्यासमोर अंधारात टाकलं होतं.

मेन परत वर करायला क्षणाचंही काम नव्हतं. हात तिथंच होता. पण तो वर जाईना, कारण तेवढ्यात मला दुसरी गोष्ट कळली. नाना ‘बंद’ म्हणायच्याच बेतात होते. दिवे गेलेले पाहून त्यांना वाटणार, सुनेने ओळखून बंद केलं. ते जोड उघडणार. जोड बांधायला त्यांना उजेड लागत नसे, बोटांनीच बांधायचे. म्हणजे या घटकेला वायरीची उघडी टोकं त्यांच्या चिमटीत असणार. मी दिवा लावला तर वीज नानांना खाणार, आणि नाही लावला तर तो.

ओरडायचं होतं. तोंड उघडलं, घशातून नुसती हवा आली. स्वप्नात होतं ना, तसं. मी पन्नास पावलं धावत जायला हवं होतं असं नंतर मला एक-दोघांनी सांगितलं. त्यांचं बरोबर असेल. माझे पाय हलले नाहीत. मी बॅटरीची वाट बघत होते. नानांची बॅटरी का लागत नाही? जोड बोटांनी बांधत असले तरी डबी शोधायला बॅटरी लावतीलच ना? तिकडून काही आवाज येत नव्हता, फक्त उसाचं पाचट एकदा वाजलं.

मग कसा कोण जाणे, आवाज फुटला. “नाना!”

“थांब!” तिकडून आलं.

खांबावरचा माणूस थांब म्हणाला की थांबायचं. जगबुडी झाली तरी. आमच्या घराला हे वेगळं सांगायला नको होतं. माझा नवरा, दिगंबर, त्यालाही नानांनीच या कामात घातलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी पावसाळ्यात तो शेटेमळ्याजवळ खांबावर होता, लाईन बंद करून घेतलेली, आणि खाली सबस्टेशनात बसलेल्या मधू हांडेने तो ‘सोड’ म्हणायच्या आत लाईन सोडली. मधू त्याच्याच वयाचा, आमच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला. चौकशीत त्याने एवढंच सांगितलं, माझ्या हातून झालं. का झालं ते कुणालाच सांगितलं नाही. नानांनी तेही विचारलं नाही. ‘सोड’ म्हटल्याशिवाय सोडलीच कशी, एवढं एकच ते चार वर्षं म्हणत होते, आणि मधूचं नाव घरात निघालं की पानावरून उठत होते. दिगंबर गेल्यावर माहेरी चल म्हणणारे खूप होते. मी गेले नाही. मला मूल नव्हतं, नानांना दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या घरात दिगंबरबद्दल बोलता येत होतं. नाना गेले असते तर मला जगात कुणीही उरलं नसतं. मेनवर हात ठेवून मी हे सगळं असं नीट विचारात घेतलं असं नाही. पण हे सगळं तिथं माझ्याबरोबर अंधारात उभं होतं.

पाचट पुन्हा वाजलं. या वेळी अलीकडे.

मी मेन वर केला. ‘सोडते’ असं ओरडलेसुद्धा नाही.

सहाही दिवे लागले. मी आधी वाघाकडे नाही, नानांच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर आणि दोन्ही तळव्यांवर ओणवे होते, रांगणाऱ्या पोरासारखे, आणि हात मातीवर होते. हातात काही नव्हतं. मग मागे पाहिलं. तो बांधावरून खाली उतरला होता. आता मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती.

“नाना, उभे राहा!” आता माझा आवाज शेटेमळ्यापर्यंत गेला असेल. “वाघ! मागं वाघ! उभे राहा!”

नाना उठले. चौसष्ट वर्षांचा, गुडघे धरून उठणारा माणूस, पण त्या वेळी एका दमात उठला. खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून ते वळले आणि त्याच्या समोर उभे राहिले. त्यांनी आवाज केला नाही. तोही हलला नाही. दिवा मध्येच फुरफुरला आणि मला वाटलं, आता हा विझणार आणि सगळं संपणार. विझला नाही. तो वाघ उठला, कंटाळल्यासारखा बाजूला वळला आणि उसात गेला. पाचट वाजत वाजत लांब गेलं.

नाना उसाकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी चालत आले. पन्नास पावलं, उपरणं डोक्यावर धरून, एकदाही मागे न बघता. ओट्याला पाय लागल्यावर त्यांनी हात खाली केले. माझा हात मेनवरच होता. तो मला सोडवता येईना, त्यांनीच एकेक बोट उचलून सोडवलं. आम्ही आत गेलो, कडी घातली, दाराला जातं लावलं, धान्याचं पिंप लावलं. दिवे मी तसेच जळत ठेवले.

मी चहा केला. नानांनी एक घोट घेऊन कपबशी खाली ठेवली.

“बॅटरी बगलेतून पडली,” नाना म्हणाले. “तीच चाचपत व्हतो. म्हणून थांब म्हणालो.”

“आणि जोड?”

“जोडाला हात न्हाय लावला. मी बंद म्हणालोच नव्हतो. न सांगता गेलेली लाईन केव्हाबी येती.”

मला रडू फुटलं. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी सोड म्हणालो व्हतो?”

“नाही.”

“थांब म्हणालो, ते ऐकलंस?”

“ऐकलं.”

“माझ्या हातात जोड न्हाय, हे ठाव व्हतं तुला?”

खोटं बोलता आलं असतं. लांबून दिसलं म्हटलं असतं तर त्यांनी मानलंही असतं. “नाही,” मी म्हणाले. “मला वाटलं, हातातच आहे.”

“तरी सोडलीस.”

“हो.”

“का गं?”

“भ्याले होते, नाना. तो तुम्हाला नेईल म्हणून इतकी भ्याले की दुसरं काही सुचलंच नाही. तुम्ही जळाल हे माहीत होतं. तरी सोडली.”

मला वाटलं, आता हे उठून आत जातील आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. त्या वाघापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली. नाना बसूनच राहिले. कितीतरी वेळ ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “जा, पड जरा,” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. झोप त्यांनाही लागली नाही, मला कुशी बदलल्याचा आवाज येत होता.

सकाळी जंगलखात्याची माणसं येऊन ठसे बघून गेली. पिंजरा लावू म्हणाली. ती गेल्यावर नानांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली.

“चल,” ते मला म्हणाले.

“कुठं?”

“गावात.”

मला वाटलं, माझ्या भावाला फोन करायला निघाले, आता हिला घेऊन जा म्हणतील. फोनचं दुकान आलं आणि गेलं. चावडी मागे पडली. नाना देवळामागच्या बोळात वळले, तशी मी थांबले. चार वर्षं आम्ही दोघंही त्या बोळातून गेलो नव्हतो, लांबचा वळसा घालत होतो.

“नाना, इथं मधूचं घर आहे.”

“ठाव हाय मला.”

दार उघडंच होतं. मधू अंगणात म्हशीपुढे कडबा टाकत होता. किती वाळला होता तो. नानांना पाहिलं आणि त्याच्या हातातली पेंढी खाली पडली. तो मागे सरकला, सरकत सरकत गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकला. आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर जशी उभी होते, तसाच तो उभा होता.

नाना आत गेले, त्याच्या ओट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आधी पाणी दे रं,” ते म्हणाले. “मग हितं बस माझ्यापाशी, आन् सांग, त्या दिवशी तुला काय दिसलं व्हतं?”